चार तासांपासून सहा महिन्यांपर्यंत

१९ मार्च १९८७ रोजी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने झिडोव्युडिनला, म्हणजेच एझेडटीला, मंजुरी दिली. एचआयव्हीवरचं ते पहिलं औषध. डोस दर चार तासांनी, मध्यरात्रीसुद्धा. आज आपल्याकडच्या एआरटी (एचआयव्हीविरोधी औषधोपचार) केंद्रांत नाव नोंदवलेले बहुसंख्य रुग्ण दिवसाला एक गोळी घेतात, आणि लेनाकापाविर नावाचं औषध वर्षातून दोनदाच टोचावं लागतं. मधल्या काळात तिसाहून अधिक औषधं आली. त्यांची नावं मोजत बसण्यापेक्षा दोन डोसांमधलं अंतर कसं वाढत गेलं हे पाहिलं, तर या शास्त्राची खरी वाटचाल कळते.

एझेडटीचा जन्म एचआयव्हीसाठी झालाच नव्हता. जेरोम हॉर्विट्झ यांनी ते १९६४ मध्ये कर्करोगासाठी तयार केलं होतं. तिथे ते निरुपयोगी ठरलं आणि बाजूला पडलं. एचआयव्ही स्वतःच्या आरएनएवरून डीएनए बनवतो. त्या साखळीत खऱ्या कडीऐवजी एझेडटी जाऊन बसतं. पुढची कडी जोडायला त्याच्यावर जागाच नसल्याने साखळी तिथेच तुटते. १९८६ च्या चाचणीत औषध न मिळालेल्या गटात १९ जण दगावले, औषध घेणाऱ्यांत एक. चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली.

पण रक्तातून हे औषध तासाभरात निम्मं होतं, म्हणून चार तासांचा हिशेब. दिवसाला बाराशे मिलिग्रॅमपर्यंत औषध पोटात जाई आणि अस्थिमज्जा दबून रुग्णाचं रक्त कमी होई. पुढे लक्षात आलं की घड्याळ चुकीच्या जागी लावलं होतं. एझेडटी प्रत्यक्ष काम करतं ते पेशीत शिरून, तीन फॉस्फेट जोडले गेल्यावर, आणि ते रूप रक्तातल्या औषधापेक्षा बराच वेळ टिकतं. १९९० मध्ये डोस सहाशे मिलिग्रॅमवर आला. परिणाम तोच राहिला, त्रास घटला. पुढे हेच औषध दिवसातून दोनदा देता येऊ लागलं.

तरीही एकट्या एझेडटीचा प्रभाव काही महिन्यांत ओसरे. उपचार नसलेल्या शरीरात विषाणूच्या रोज अब्जावधी प्रती तयार होतात, आणि नक्कल करणारं त्याचं एन्झाइम चुका दुरुस्त करत नाही. औषधाची पातळी खाली घसरली पण पूर्ण संपली नाही, की त्या अर्धवट दाबात तग धरणारे विषाणू निवडले जातात. डोसांमधलं अंतर हा म्हणूनच केवळ सोयीचा मामला नव्हता. त्यावर औषधाचं आयुष्य ठरत होतं.

१९९५-९६ मध्ये विषाणूचं प्रोटिएज हे एन्झाइम रोखणारी औषधं आली. जुलै १९९६ च्या व्हँकुव्हर एड्स परिषदेत तीन औषधांच्या एकत्रित माऱ्याचे निकाल मांडले गेले, आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेतले एड्सचे मृत्यू जवळपास निम्म्याने घटले. मात्र प्रोटिएज औषधांपैकी इंडिनाविर दर आठ तासांनी, रिकाम्या पोटी घ्यायचं. शिवाय दिवसभरात किमान दीड लिटर पाणी, नाहीतर मूतखड्याचा धोका.

यावर तोड निघाली ती एका औषधाच्या दोषातून. रिटोनाविर पूर्ण डोसात सहन होत नसे, आणि यकृतातलं सीवायपी३ए४ हे औषधं मोडून टाकणारं एन्झाइमही ते बंद पाडी. मग रिटोनाविरचा डोस शंभर मिलिग्रॅमपर्यंत उतरवून ते दुसऱ्या प्रोटिएज औषधाच्या जोडीला दिलं गेलं. जोडीदार रक्तात टिकू लागला, आठ तासांचे बारा झाले, रिकाम्या पोटाची अटही गेली.

आता भारताकडे यायला हवं. १९७० च्या पेटंट कायद्यात औषधाच्या रेणूवर पेटंट मिळत नसे, ते फक्त तो बनवण्याच्या प्रक्रियेवर मिळे. त्यामुळे मुंबईच्या सिप्लाला वेगवेगळ्या कंपन्यांच्या मालकीची तीन औषधं एका गोळीत घालता आली. स्टॅव्ह्युडिन, लॅमिव्ह्युडिन आणि नेव्हिरापिनची ही ट्रायोम्यून, सकाळ-संध्याकाळ एकेक. २००१ मध्ये सिप्लाचे युसूफ हमीद यांनी या तीन औषधांचा वर्षाचा उपचार ३५० डॉलरला देऊ केला. पाश्चात्त्य बाजारात तो दहा हजारांच्या घरात होता. १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारने मोफत उपचार सुरू केले. पहिल्या काही केंद्रांत मुंबईचं जे. जे. रुग्णालय होतं.

स्वस्त उपचाराची किंमत शरीराने मोजली. स्टॅव्ह्युडिन पेशींतल्या मायटोकाँड्रियाच्या डीएनएलाही हात घाली. गाल बसत, पाय जळजळत, क्वचित रक्तात लॅक्टिक आम्ल साचून जिवावर बेतत असे. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते टप्प्याटप्प्याने बंद करायला सांगितलं. आपल्याकडे क्षयरोगाचा पेच वेगळाच. क्षयरोगावरचं रिफॅम्पिसिन यकृतातली एन्झाइम चेतवतं, त्यामुळे नेव्हिरापिनची पातळी कोसळते. अशा रुग्णांना एफाव्हिरेन्झ दिलं जाई. ते रात्री घ्यायचं, आणि विचित्र स्वप्नं सोसायची.

दीर्घकाळ टिकण्याचेही तोटे असतात, हे नेव्हिरापिननेच दाखवलं. १९९९ मध्ये युगांडातल्या चाचणीत प्रसूतीच्या वेळी आईला एक आणि बाळाला एक डोस दिल्याने बाळाला होणारी लागण जवळपास निम्म्याने कमी झाली. भारतातही ही पद्धत बरीच वर्षं चालली. पण तो एकच डोस आईच्या रक्तात दोन-तीन आठवडे रेंगाळे. सोबतीला दुसरं औषध नसल्याने अनेक स्त्रियांमध्ये विषाणू नेव्हिरापिनला दाद देईनासा झाला. नंतर त्यांच्याच उपचारात ते औषध कमी पडलं.

या धड्याचं सार्थक झालं ते टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राविर या आजच्या गोळीत. प्रागच्या अँटोनिन होली यांच्या संशोधनातून आलेल्या टेनोफोव्हिरचं कार्यकारी रूप पेशीत कित्येक दिवस राहतं. डोल्युटेग्राविर विषाणूच्या इंटिग्रेज एन्झाइमला चिकटून बसतं आणि एखाददुसरा डोस चुकला तरी सांभाळून घेतं. पथ्यं आहेतच: लोह-कॅल्शियमच्या गोळ्या उपाशीपोटी याच्यासोबत नकोत, रिफॅम्पिसिन चालू असेल तर डोस दिवसातून दोनदा, आणि मेटफॉर्मिन घेणाऱ्या मधुमेह्याने मात्रा डॉक्टरांकडून तपासून घ्यायची. ही शेवटची सूचना द्यावी लागते, कारण एचआयव्हीचे रुग्ण आता मधुमेहाच्या वयापर्यंत जगतात. पुण्यासह अनेक शहरांत झालेल्या एचपीटीएन ०५२ चाचणीने २०११ मध्ये आणखी एक गोष्ट सिद्ध केली: लवकर उपचार सुरू केले, तर जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते.

लेनाकापाविरला २०२२ मध्ये उपचारासाठी, २०२५ मध्ये प्रतिबंधासाठी अमेरिकेत मंजुरी मिळाली. विषाणूच्या कवचावर काम करणारं हे औषध त्वचेखालच्या साठ्यातून सावकाश झिरपतं. शेवटच्या सुईनंतर त्याचा अंश वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ शरीरात राहू शकतो. पुढची सुई चुकली, की नेव्हिरापिनचा जुना धोका मोठ्या प्रमाणावर समोर येतो. हे औषध बनवण्याचे परवाने भारतीय कंपन्यांनाही मिळाले आहेत; त्यांत पुण्याची एमक्युअर आहे. आजवर औषधशास्त्राने रुग्णाकडून शिस्त मागितली. अंतर वाढलं तसा तो भार व्यवस्थेकडे सरकला. ठरल्या तारखेला तालुक्याच्या केंद्रात सुई आणि ती देणारी परिचारिका हजर असणं, हा यापुढे उपचाराचाच भाग आहे.