दोन काड्यांचं बिल

गोव्यात चार दिवस फिरून झालं, मोपा विमानतळाच्या पार्किंगमध्ये भाड्याची गाडी कंपनीच्या पोरग्याच्या ताब्यात दिली, त्याने भोवती एक चक्कर मारून मोबाइलवर व्हिडिओ काढला, ‘ओके साहेब’ म्हणाला. विमान पुण्यात उतरलं, फोन चालू केला, आणि डिपॉझिटमधून अठराशे रुपये कापल्याचा मेसेज. कारण एकाच ओळीत: ‘फ्युएल शॉर्ट, २ पॉइंट’. किती लिटर, कोणत्या दराने, कोणी मोजलं, याचा पत्ता नाही. गाडीला ओरखडा पडला म्हणून पैसे कापले तर माणूस भांडतो. पेट्रोलच्या बाबतीत मात्र त्याला आधी स्वतःवरच शंका येते. ‘भरलं होतं की... पण कमी पडलं असेल कदाचित.’ या ‘कदाचित’वर भाड्याच्या गाड्यांचे बरेच हिशेब उभे आहेत.

आता ज्या काट्याच्या भरवशावर हे बिल लागतं, त्याच्याकडे नीट बघू. टाकीत एक तरंगता गोळा असतो, तो एका दांडीला जोडलेला. इंधन कमी झालं की गोळा खाली येतो, दांडी फिरते, विजेचा रोध बदलतो आणि डॅशबोर्डवर एक काडी, म्हणजे मेसेजमधला एक ‘पॉइंट’, विझते. यंत्र एवढंच. टाकी काही चौकोनी डबा नसते. मागच्या सीटखाली, एक्झॉस्ट पाइप आणि सस्पेन्शनमधून वाट काढत ती बसवलेली असते, त्यामुळे तिचा आकार वेडावाकडा. सगळ्या काड्या सारख्या लिटरच्या नसतात, हे गाडी चालवणाऱ्याला अनुभवाने ठाऊक असतंच: टाकी फुल केल्यावर पहिली काडी हलता हलत नाही आणि अर्ध्याखाली गेलं की बाकीच्या भराभर विझतात. गाडी उतारावर उभी असेल तर गोळा एका बाजूला कलतो. शिवाय वळणावर किंवा खड्ड्यात पेट्रोल हिंदकळून काटा नाचू नये म्हणून आकडा मुद्दाम संथ ठेवलेला असतो. थोडंसंच पेट्रोल भरलं तर ते दिसायला काही गाड्यांमध्ये बराच वेळ लागतो. विमानतळाआधीच्या पंपावर पाचशेचं टाकून लगेच गाडी परत केली आणि काडी वाढलेलीच नाही, असं सहज होऊ शकतं. ‘अजून इतके किलोमीटर जाईल’ हा आकडा तर त्याहून बेभरवशाचा. आधीच्या प्रवासाच्या सरासरीवर तो निघतो. चोर्ला घाट चढून आलात तर वेगळा, महामार्गावरून आलात तर वेगळा.

याच्या शेजारी पेट्रोल पंप ठेवून बघा. तिथल्या यंत्रावर वैधमापन खात्याचा शिक्का लागतो. शंका आली तर पाच लिटरचं प्रमाणित माप मागता येतं, ते पंपावर ठेवणं बंधनकारक आहे, आणि पाच लिटरमागे २५ मिलीलिटरपेक्षा जास्त फरक चालत नाही. आपण तिथे ‘शून्य बघा साहेब’ ऐकल्याशिवाय नळी सुरू करू देत नाही. तेच पेट्रोल भाड्याच्या गाडीत गेलं की आपण काड्यांवर पैसे देतो. मला यातली खरी गोम इथेच दिसते. काटा हा चालकाला सावध करण्यासाठी बसवलेला अंदाज आहे. त्यावरून कोणी बिल करत असेल, तर तो अंदाज लिटरमध्ये सिद्ध करण्याची जबाबदारी बिल करणाऱ्याची.

म्हणून तक्रारीचं पहिलं पत्र रागाचं नसावं, हिशेबाचं असावं. समजा गाडीची टाकी ३७ लिटरची आहे आणि काड्या आठ. ढोबळ मानाने एक काडी साडेचार लिटरच्या थोडी वर, म्हणजे कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे तुम्ही सव्वानऊ लिटर कमी परत दिलंत. पेट्रोल लिटरला शंभर धरलं तरी सव्वानऊशे होतात. वरचे पावणेनऊशे कशाचे? ‘रिफ्युएलिंग सर्व्हिस चार्ज’ असेल, तर तो करारात कुठे लिहिला आहे ते दाखवा म्हणावं. नंतर किलोमीटर. गाडी १४० किलोमीटर चालली, शेवटी तुम्ही दहा लिटर भरलंत, पावती आहे. कंपनीचं खरं मानायचं तर गाडीने ही दहा लिटर अधिक ती सव्वानऊ, असं जवळजवळ सव्वाएकोणीस लिटर प्यायलं. म्हणजे लिटरला सव्वासातचं मायलेज. छोटी हॅचबॅक एवढं पीत असेल तर तिला पर्यटकाकडे न पाठवता गॅरेजमध्ये पाठवायला हवं. हे वाक्य पत्रात लिहायला हरकत नाही. उत्तर देणाऱ्याला ते खोडता येत नाही.

या हिशेबाला लागणारा पुरावा मात्र आधीच गोळा करावा लागतो. गाडी घेताना आणि देताना, इग्निशन चालू करून डॅशबोर्डचा एकच फोटो, ज्यात काड्याही दिसतील आणि किलोमीटरही. सपाट जागेवर. पंपाची छापील पावती, जिच्यावर लिटर, दर आणि वेळ असते. थर्मल कागदावरची अक्षरं काही काळाने उडतात, म्हणून तिचाही फोटो. परत देताना समोरच्याकडून ‘फ्युएल ओके’ एवढं दोन शब्दांचं व्हॉट्सअॅप मागून घ्यावं. विमानाची घाई असते, त्यालाही पुढच्या गिऱ्हाइकाकडे जायचं असतं, आणि नेमकं तेवढंच राहून जातं.

गोव्याची रीत आणखी निराळी. तिथे बरेच जण गाडी रिझर्व्हवरच देतात. लाल दिवा पेटलेला, ‘पुढच्या वळणावर पंप आहे साहेब, इकडे सगळे असेच देतात’. वरवर पाहता सोपा व्यवहार: भराल तेवढं चालवा. पण उरलेल्या पेट्रोलचे पैसे कोणी परत देत नाही, त्यामुळे शेवटच्या दिवशी पर्यटक टाकीत सोडून जातो ते मालकाच्या पदरात. दर आठवड्याला असे दोन-तीन पाहुणे आले की हिशेब करा. हे टाळायचं तर शेवटचे दोन दिवस तीनशे-चारशेचंच भरत राहावं, एवढाच उपाय. आणि नंबरप्लेट बघावी. स्वतः चालवायच्या भाड्याच्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी स्वस्तात मिळाली असेल, तर बिल, करार, तक्रार हे सगळं मुळातच कच्च्या पायावर.

परदेशात याच दुखण्याची वेगळी रूपं आहेत. युरोपात अनेक काउंटरवर भरलेल्या टाकीचे पैसे आधीच घ्यायचे आणि गाडी रिकामी परत मागायची, अशी पद्धत होती; रिकामी परत करणं कोणाला जमत नसे, म्हणून उरलेलं पेट्रोल फुकट जायचं. ब्रिटनच्या स्पर्धा आणि बाजार प्राधिकरणाने आणि युरोपीय आयोगाने एव्हिस, युरोपकार, एंटरप्राइझ, हर्ट्झ आणि सिक्स्ट या पाच बड्या कंपन्यांना धारेवर धरलं. २०१७ च्या जानेवारीत आयोगाने जाहीर केलेल्या सुधारणांमध्ये, ‘भरलेली घ्या, भरलेली द्या’ हा पर्याय ग्राहकाला नेहमी मिळाला पाहिजे, अशी अट आली. मुलांकडे लंडन-फ्रँकफर्टला जाणाऱ्यांनी बुकिंग करताना हाच पर्याय निवडावा. अमेरिकेतला एक किस्सा तर अफलातून आहे. २०२४ मध्ये तिथे भाड्याने घेतलेल्या टेस्लाबद्दल, म्हणजे पेट्रोलची टाकीच नसलेल्या गाडीबद्दल, एका ग्राहकाला २७७ डॉलरचं इंधन शुल्क लावलं गेलं. कंपनीने आधी करारावर बोट ठेवलं. बातमी झाली तेव्हा पैसे परत आले.

आपल्याकडे बातमी होण्याची वाट बघायची गरज नाही. कार्डावर पैसे कापले असतील तर बँकेकडे व्यवहाराला लेखी हरकत घ्यावी. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांप्रमाणे क्रेडिट कार्डाच्या बिलावर ग्राहकाने आक्षेप घेतला, तर बँकेने ३० दिवसांच्या आत खुलासा आणि लागेल तिथे कागदोपत्री पुरावा द्यायचा असतो. बँकेला फोटो, पावती आणि तो मायलेजचा हिशेब एकत्र पाठवावा. डिपॉझिट यूपीआयने दिलं असेल तर ही वाट अरुंद होते, कारण पिन तुम्ही स्वतःच टाकलेला असतो. शक्य असेल तिथे डिपॉझिट क्रेडिट कार्डाने द्यावं, हा माझा आग्रह यामुळेच.

त्यानंतरची पायरी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५. बऱ्याच कंपन्या या टप्प्यावर नरमतात. नाहीच नरमल्या तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने एक मोठी सोय केली आहे: तक्रार तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात करता येते. गाडी म्हापशाच्या माणसाची असली तरी पुणेकराने पुण्यातच अर्ज द्यावा. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची, आणि अर्ज ऑनलाइन भरता येतो. एक बारकावा लक्षात ठेवण्यासारखा. ‘करारच अन्यायकारक आहे’ असा मुद्दा घेतला, तर त्या कायद्याप्रमाणे प्रकरण राज्य आयोगाकडे जातं. अठराशे रुपयांसाठी तिथे खेटे घालण्यापेक्षा ‘सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा’ एवढंच लिहावं. बिल किंवा पावती न देणं हेही अनुचित प्रथेत मोडतं, आणि ‘२ पॉइंट’ लिहिलेला मेसेज म्हणजे बिल नव्हे.

एवढं सगळं अठराशेसाठी करायचं का? आयोगापर्यंत जायची वेळ फारशी येत नाही, हे खरं. दुसऱ्या किंवा तिसऱ्या पत्रानंतर साधारण एकच उत्तर येतं: ‘गुडविल म्हणून निम्मी रक्कम पुढच्या बुकिंगसाठी कूपनमध्ये जमा करतो.’ कूपन घेऊ नये. ते घेतलं की वाद मिटल्याचं तुमच्याच नावावर नोंदलं जातं, आणि पुढची गाडीही त्यांच्याकडूनच घ्यावी लागते. रक्कम ज्या कार्डावरून कापली त्याच कार्डावर परत मागावी, लिटरचा हिशेब पुन्हा एकदा विचारावा आणि उत्तरासाठी तारीख घालून द्यावी.