सायकलीवरचा भूकरमापक

मुंबई मॅरेथॉन पूर्ण केलेला माणूस ‘४२.१९५ किलोमीटर धावलो’ असे सांगतो. प्रत्यक्षात तो थोडा जास्तच धावलेला असतो. रस्ता मोजताना दर किलोमीटरला एक मीटर वाढवून घ्यायचा, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. त्या हिशेबाने पूर्ण मॅरेथॉनच्या रस्त्यात सुमारे ४२ मीटर जास्तीचे असतात. हे ४२ मीटर कुणी घातले, कशासाठी घातले, आणि ते नसते तर काय बिघडले असते, याचा शोध घेताना शर्यतीमागच्या एका वेगळ्याच माणसाची ओळख होते. तो धावत नाही, झेंडा दाखवत नाही, बक्षीसही देत नाही. शर्यतीच्या किती तरी आधी तो सायकलीवरून त्या रस्त्याने जाऊन आलेला असतो.

मोठ्या शर्यतीमागे राबणारी माणसे पुष्कळ असतात. साधारण दर पाच किलोमीटरला पाण्याची टेबले मांडणारे असतात. धावपटूच्या छातीवरच्या क्रमांकामागे चिकटवलेली चिप आणि रस्त्यावर अंथरलेल्या पट्ट्या सांभाळणारे असतात. पट्टीवरून पाय गेला की वेळेची नोंद होते, आणि मधली पट्टी चुकवणारा आडवाटेने आला की काय हेही कळते. शर्यत संपताच उत्तेजक चाचणीसाठी निवडलेल्या धावपटूच्या शेजारी उभा राहून त्याला क्षणभरही नजरेआड न होऊ देणारा एक जण असतो. या सगळ्यांचे काम महत्त्वाचेच, पण ते सारे एका गृहीतावर उभे असते: रस्ता जेवढा सांगितला तेवढा आहे. तेच खोटे निघाले तर चिपने सेकंदाच्या अंशापर्यंत नोंदवलेली वेळही निरर्थक ठरते.

मॅरेथॉनचे अंतर सुरुवातीला ठरलेलेच नव्हते. १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये ते अंदाजे ४० किलोमीटर होते. १९०८ साली लंडनमध्ये शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून सुटून स्टेडियमवर संपली आणि ते अंतर ४२.१९५ किलोमीटर भरले. पुढच्या ऑलिंपिकमध्ये ते पुन्हा बदलले. १९२१ साली आंतरराष्ट्रीय संघटनेने लंडनचा आकडा कायम केला. आकडा ठरला, पण रस्त्यावर तो बिनचूक उतरवायचा कसा, हा प्रश्न पुढे चाळीस वर्षे तसाच राहिला. कुणी मोटारीच्या मीटरवर भरवसा ठेवी, कुणी नकाशावर दोरा फिरवी.

उत्तर सापडले ते सायकलीत. १९६१ च्या सुमारास ब्रिटनमधील जॉन ज्यूएल यांनी सायकलीचे चाक आधी मोजलेल्या अंतरावर पारखून घेऊन त्याच चाकाने रस्ता मोजण्याची पद्धत तपशिलाने मांडली. अमेरिकेत टेड कॉर्बिट यांनी १९६४ साली त्यावर पुस्तिका लिहिली. हे कॉर्बिट स्वतः १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावलेले, आणि व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट. पुढे १९७१ साली ॲलन जोन्स आणि त्यांचा मुलगा क्लेन यांनी सायकलीच्या पुढच्या चाकाच्या आसाला बसणारे एक छोटे गणकयंत्र तयार केले. चाकाच्या एका फेऱ्यात या यंत्राचे आकडे वीसदा पुढे सरकत. म्हणजे रस्त्याच्या साधारण ११ सेंटीमीटरला एक आकडा, आणि पूर्ण मॅरेथॉनला चार लाखांच्या आसपास. ‘जोन्स काउंटर’ची सुधारित रूपे आजही जगभर वापरतात. उपग्रहांच्या काळातही शर्यतीचा रस्ता प्रमाणित होतो तो सायकलीच्या चाकानेच.

कामाची रीत अशी. आधी एक सरळ, सपाट रस्ता निवडायचा आणि त्यावर निदान ३०० मीटरचे अंतर पोलादी फितीने मोजून दोन्ही टोकांना खूण ठोकायची. कापडी फीत ताणली जाते, म्हणून ती चालत नाही. पोलादसुद्धा उन्हाने वाढते. फितीवरचे आकडे २० अंश सेल्सिअसला खरे असतात. आपल्याकडच्या ३० अंशाला ३०० मीटरमागे सुमारे साडेतीन सेंटीमीटरचा फरक पडतो. हा फरक हिशेबात धरला नाही, तर मॅरेथॉनचा रस्ता जवळपास पाच मीटर चुकतो. इ. स. १८०२ मध्ये विल्यम लॅम्बटन यांनी मद्रासजवळ भारताच्या महासर्वेक्षणाची आधाररेषा आखली, तेव्हा त्यांनाही पोलादी साखळीच्या याच दुखण्याचा बंदोबस्त करावा लागला होता.

या पारखलेल्या अंतरावरून मोजणीदार चार वेळा सायकल चालवतो आणि दर वेळचे आकडे टिपतो. मग शर्यतीचा संपूर्ण रस्ता मोजतो. नंतर परत येऊन पुन्हा चार वेळा त्याच ३०० मीटरवरून जातो. हे दुसऱ्यांदा जाणे कशाला? दिवस वर येतो तशी टायरमधली हवा तापते, चाक किंचित मोठे होते आणि तेवढ्याच रस्त्याला कमी आकडे पडतात. दोन्ही वेळचे आकडे हाती असले की हा फरक हिशेबात घेता येतो. महानगरात रहदारीमुळे हे काम बहुधा रात्री किंवा पहाटे, पुढेमागे पोलिसांची गाडी घेऊन करावे लागते.

मोजायची रेषा कोणती, हा यातला सर्वांत बारीक भाग आहे. रस्त्याच्या मधोमध जाऊन चालत नाही. धावणारा कायद्याने जितका जवळचा मार्ग घेऊ शकतो, तोच मोजायचा. वळणावर कठड्यापासून ३० सेंटीमीटरवरून आणि एका वळणाकडून दुसऱ्या वळणाकडे जाताना तिरप्या सरळ रेषेत. कारण सोपे आहे: कुणीही कितीही हुशारीने धावला, तरी त्याला सांगितल्यापेक्षा कमी अंतर पडता कामा नये. एवढे करूनही हजारात एक भागाची चूक राहू शकते असे धरतात, आणि सुरुवातीला सांगितलेले ४२ मीटर येतात ते त्यासाठी. चूक झालीच तर ती रस्ता लांब होण्याकडे व्हावी, आखूड होण्याकडे नको.

अनेक हौशी धावपटू मनगटी घड्याळ पाहून ‘रस्ता जास्त भरला’ अशी तक्रार करतात, तिचेही उत्तर यात आहे. गर्दीत डावीउजवीकडे होत, पाण्याच्या टेबलाकडे वळत धावणारा माणूस सर्वांत जवळची रेषा धरतच नाही. शिवाय उंच इमारतींमध्ये उपग्रहाचे संदेश भिंतींवर आपटून येतात आणि घड्याळ आपल्याला भलत्याच जागी दाखवते. वनहक्काच्या दाव्यांसाठी जीपीएस यंत्र घेऊन दाट झाडीत, दरीच्या काठाने प्लॉटभोवती फिरलेल्या आमच्या जव्हार-मोखाड्याच्या माणसांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

लांबीइतकाच उताराचाही हिशेब असतो. विक्रम मान्य व्हायचा तर सुरुवातीपासून शेवटापर्यंतचा एकूण उतार किलोमीटरमागे एक मीटरपेक्षा जास्त नसावा, आणि ही दोन टोके शर्यतीच्या निम्म्या अंतरापेक्षा एकमेकांपासून दूर नसावीत. नाही तर पाठीवर वारा घेऊन सगळेच वेगाने पोचतील. २०११ साली बोस्टनमध्ये केनियाचा जेफ्री मुताई २ तास ३ मिनिटे २ सेकंदांत पोचला. तोवर मॅरेथॉन इतक्या वेगाने कुणीच धावले नव्हते. पण बोस्टनचा रस्ता सुमारे १४० मीटर उतरतो, त्यामुळे जागतिक विक्रम म्हणून त्याची नोंद झाली नाही. जव्हारहून विक्रमगडच्या दिशेने घाट उतरत जाणारी शर्यत कुणी ठेवली, तर तिचे हेच होईल.

मोजणी आखूड पडली की काय होते, याचे ठळक उदाहरण न्यूयॉर्कचे. १९८१ साली तिथे अल्बर्टो सालाझारने २ तास ८ मिनिटे १३ सेकंद अशी वेळ देऊन आधीचा उच्चांक सुमारे वीस सेकंदांनी मोडला. काही वर्षांनी रस्ता पुन्हा मोजला, तेव्हा तो सुमारे १४८ मीटर कमी भरला. सालाझारच्या वेगाने १४८ मीटरना २७ सेकंद लागतात. विक्रम त्या तेवढ्या रस्त्यातच विरघळला. इंग्लंडमधील मँचेस्टरची मॅरेथॉन २०१३ ते २०१५ अशी तीन वर्षे ३८० मीटर कमी धावली गेल्याचे नंतर उघड झाले आणि हजारो धावपटूंच्या वेळा बाद ठरल्या. यात धावणाऱ्यांचा दोष काहीच नव्हता.

म्हणून मोजणीदाराचे काम मोजून संपत नाही. कुठे सुरुवात, कुठे शेवट, कुठून मागे वळायचे, या जागा रस्त्यात खिळा ठोकून आणि जवळच्या खांबापासूनचे अंतर लिहून नकाशावर नोंदवतात. जमिनीच्या हद्दीच्या खुणांसारखेच हे. शर्यतीच्या पहाटे प्लास्टिकचे शंकू नेमके त्याच जागी लागले पाहिजेत. २०२१ साली ब्रायटनमध्ये मार्ग मांडताना झालेल्या चुकीमुळे धावपटू ५६८ मीटर जास्त धावले. विक्रमाचा दावा करायचा असेल, तर मोजणीदार शर्यतीत पुढच्या गाडीत बसून, मोजलेला रस्ता तोच धावला गेला याची साक्ष देतो. प्रमाणपत्राची मुदतही पाच वर्षांचीच. रस्ता रुंद होतो, दुभाजक येतो, वळण बदलते. मग मोजणी पुन्हा.

जिथे असे मोजून भागत नाही, त्या खेळाकडे पाहिले की या कामाचे मोल आणखी कळते. युरोपातल्या बर्फावरच्या लांब पल्ल्याच्या स्की शर्यतींना मोठी परंपरा आहे. स्वीडनची ‘वासालोपेट’ ही ९० किलोमीटरची शर्यत १९२२ पासून चालत आली आहे. तिथेही पडद्यामागे मोठा ताफा असतो. रात्री यंत्रे फिरवून बर्फात समांतर चाकोऱ्या पाडणारे असतात. पहाटे बर्फाचे तापमान पाहून स्कीच्या तळाला कोणते मेण लावायचे ते ठरवणारे तंत्रज्ञ असतात. एकेका खेळाडूच्या अनेक जोड्या ते उतारावरून घसरवून पाहतात. फ्लोरीनयुक्त मेण पर्यावरणाला घातक म्हणून २०२३-२४ च्या हंगामापासून त्यावर बंदी आली, त्यामुळे आता स्कीचे तळही तपासतात. पण एवढे करूनही स्की शर्यतीत ५० किलोमीटरचा जागतिक विक्रम अशी गोष्ट नसते. बर्फ आज मऊ, उद्या कडक. आजच्या वेळेची उद्याशी तुलना होत नाही. डांबरी रस्ता जागचा हलत नाही, म्हणून मुंबईची वेळ बर्लिनच्या वेळेशेजारी ठेवता येते. तरीसुद्धा रस्त्यावरच्या शर्यतींचे ‘जागतिक विक्रम’ आंतरराष्ट्रीय संघटनेने मान्य केले ते २००४ पासून. तोवर फक्त ‘सर्वोत्तम वेळ’ म्हणत. मुंबई मॅरेथॉनची सुरुवातही त्याच वर्षी, १५ फेब्रुवारी २००४ रोजी झाली. २०२३ मध्ये इथिओपियाचा हेले लेमी तिथे २ तास ७ मिनिटे ३२ सेकंदांत धावला. जग ती वेळ निमूट मान्य करते, कारण रस्ता मोजलेला आहे.

याचा आमच्या डोंगराशी संबंध काय, असे कुणी विचारील. शेजारच्या नाशिक जिल्ह्यातल्या हरसूल भागात सावरपाडा नावाचे छोटे गाव आहे. तिथल्या कविता राऊत यांनी २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळवले. २०१६ मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत २ तास ३८ मिनिटे ३८ सेकंदांत मॅरेथॉन जिंकून त्या रिओ ऑलिंपिकला पात्र ठरल्या. पाड्यावरच्या मुलीला ऑलिंपिकचे दार उघडून देणारी वेळ प्रमाणित रस्त्यावरचीच लागते. तिथे कुणाची ओळख, कुणाची शिफारस चालत नाही. फक्त रस्ता खरा असावा लागतो.

आणि नेमका तोच आपल्याकडे खरा नसतो. साखरशेतपासून जव्हार-मोखाड्यापर्यंत कुठेही पाहा, पाच किलोमीटरची शर्यतही ‘मॅरेथॉन’ असते आणि अंतर मोटारसायकलच्या मीटरवर ठरते. हा मीटर शेकडा तीन चुकला, तरी दहा किलोमीटरमागे ३०० मीटर जातात. ३५ मिनिटांत दहा किलोमीटर धावणाऱ्या मुलाला त्यामुळे मिनिटभराचा फायदा दिसतो, आणि तोच मुलगा नाशिकला किंवा मुंबईला गेल्यावर ‘आज काय झाले मला’ म्हणून खचतो. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्यांचे नुकसान त्याहून मोठे. १६०० मीटरला शेकडा तीन म्हणजे ४८ मीटर, साधारण नऊ सेकंद. नऊ सेकंदांनी गुण जातात, गुणांनी नोकरी.

जमिनीच्या मोजणीचे महत्त्व इथे कुणाला शिकवावे लागत नाही. शंकू साखळीच्या काळापासून बांध इकडचा तिकडे सरकला, तर काय होते हे पिढ्यांनी भोगले आहे. धावण्याचा रस्ताही त्याच काळजीने मोजता येतो, आणि त्याला परदेशी यंत्र लागत नाही. ५० मीटरची पोलादी फीत घ्यावी, सपाट रस्त्यावर ३०० मीटर मोजून खुंट्या ठोकाव्यात. सायकलीत हवा घट्ट भरून टायरवर खडूची खूण करावी आणि त्या अंतरात चाकाचे किती फेरे होतात, शेवटच्या अपुऱ्या फेऱ्यात किती आरे पुढे गेले, हे चार वेळा टिपावे. मग एक किलोमीटरचा पट्टा कडेकडेने मोजावा, हजार मीटरला एक मीटर वाढवून घ्यावा, आणि परत येऊन ३०० मीटर पुन्हा ताडून पाहावेत. एका किलोमीटरला साधारण पावणेपाचशे फेरे पडतात. दोन शाळकरी मुले सकाळच्या वेळात एवढे मोजू शकतात. त्याला प्रमाणपत्र मिळणार नाही, पण मुलांना आपली खरी वेळ कळेल.

दिवाळी झाली की शर्यतींचा हंगाम सुरू होतो. सायकल घराघरात आहे, फीत गवंड्याकडे मिळते. तीनशे मीटरच्या दोन खुंट्या तेवढ्या ठोकायच्या राहिल्या आहेत.