मुखपृष्ठ, ई-पुस्तकाचे
पडद्यावर वाचावयाच्या पुस्तकाचे दर्शनी चित्र. छापील पुस्तकाचे मुखपृष्ठ आतील पानांचे रक्षण करते, दुकानात ग्राहकाचे लक्ष वेधते आणि पुढे कपाटात पुस्तकाची ओळख टिकविते. ई-पुस्तकाला रक्षणाची गरज नाही; उरलेली दोन्ही कामे मात्र त्याच्या मुखपृष्ठाला बहुधा अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत करावी लागतात. विक्रीच्या संकेतस्थळावर प्रथम एवढेच चित्र दिसते. त्यामुळे या मुखपृष्ठात चित्रापेक्षा अक्षराला अधिक महत्त्व येते.

मराठी मुखपृष्ठाची परंपरा मुख्यतः चित्रकारांनी घडविली. दीनानाथ दलाल (१९१६–७१) व रघुवीर मुळगावकर (१९१८–७६) यांच्या रंगीत चित्रांमुळे पुस्तके व दिवाळी अंक दुरूनही ओळखू येत. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी नाटकांच्या जाहिरातींत प्रत्येक नावाला नाटकाच्या प्रकृतीनुसार निराळे वळण दिले. केवळ अक्षरांच्या घडणीतून भाव सुचविण्याची ही रीत ई-पुस्तकाला दलालांच्या रीतीपेक्षा जवळची आहे.

हे काम बव्हंशी मुंबई-पुण्यात झाले. नरहर कुरुंदकर (१९३२–८२) यांचे कार्यक्षेत्र नांदेड होते. त्यांची बरीच पुस्तके मात्र पुण्याच्या प्रकाशकांनी काढली. नांदेडचे चित्रकार व कवी नयन बाराहाते यांच्यासारख्यांनी मराठवाड्यात राहून मुखपृष्ठे केली. तरीही पुस्तक मांडून ठेवण्याची जागा हीच नांदेड व लातूरकडील लहान प्रकाशकाची खरी अडचण राहिली. लातूर जिल्ह्यातील उदगीर येथे २०२२ मध्ये ९५ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. पण अशी संधी क्वचितच येते व तीही दोन-तीन दिवसांची असते. एरवी संकेतस्थळ हेच त्याचे दुकान असते आणि तेथे त्याचे पुस्तक मोठ्या शहरांतील पुस्तकांच्या शेजारी त्यांच्याच आकारात दिसते. चित्र वाचता आले नाही, तर ही बरोबरी वाया जाते.

मुखपृष्ठ सामान्यतः उभे असते. किंडलसाठी १,६०० पिक्सेल रुंद व २,५६० पिक्सेल उंच हे माप सुचविले जाते. यादीत त्याची रुंदी १०० पिक्सेल झाली, की चित्र सोळा पट आटते. मूळ चित्रातील १६ पिक्सेल रुंदीचा अनुस्वार तेथे एका पिक्सेलपुरता उरतो आणि ‘नांदेड’चे ‘नादेड’ होते. रोमन लिपीपुरते केलेले आडाखे येथे अपुरे पडतात. देवनागरीत शिरोरेषेच्या वर मात्रा, रफार व अनुस्वार, तर खाली उकार व जोडाक्षरांचे भाग येतात. ‘लातूर’ या तीन अक्षरी शब्दालाही खाली जागा लागते. नाव दोन ओळींत मांडल्यास वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतात, म्हणून ओळींमधील अंतर रोमनपेक्षा जास्त हवे. अक्षरे एकमेकांपासून फाकविल्यास शिरोरेषा तुटते व शब्द विस्कटतो. सावली, किनार, सोनेरी उठाव हे अलंकार मोठ्या चित्रात शोभले, तरी लहान चित्रात जोडाक्षरांच्या पोकळ्या बुजवून टाकतात. जाड, मोकळ्या पोकळीचे वळण घ्यावे व लेखकाचे नावही त्याच कसोटीवर तपासावे. उपशीर्षक लहान चित्रात वाचले जाणार नाही असे गृहीत धरून ते परिचयात द्यावे.

रंगांची निवडही निराळी करावी लागते. अनेक वाचनयंत्रांचा पडदा केवळ करड्या छटा दाखवितो. हिरव्या पार्श्वभूमीवरील तांबडे नाव कागदावर उठून दिसते. पण दोहोंची गडदता सारखी असेल, तर तेथे ते नाहीसे होते. म्हणून मुखपृष्ठ पूर्ण करण्यापूर्वी एकदा रंगहीन करून पाहावे.

मराठवाड्यावरील पुस्तक म्हटले, की भेगाळलेली जमीन व वठलेले झाड असे चित्र काढण्याचा प्रघात पडला आहे. मिरजेहून लातूरला २०१६ मध्ये रेल्वेने पाणी आणावे लागले, हे खरे. परंतु प्रत्येक कादंबरी त्याविषयी नसते. शिवाय भेगांची जाळी लहान आकारात निव्वळ तपकिरी डाग दिसते. होट्टलच्या मंदिरांतील एखादी आकृती, खरोशाच्या लेण्यांतील स्तंभ किंवा कापसाचे एकच बोंड हे विषय सुटे, ठसठशीत व या भागाचे आहेत. चित्र घ्यावयाचे तर एकच घ्यावे.

प्रकाशनसंस्थेची नाममुद्रा एका मुखपृष्ठाने नव्हे, तर सातत्याने तयार होते. बोधचिन्हाची जागा, अक्षरवळण व दोन-तीन रंग पुस्तकांवर आणि संकेतस्थळावर तेच ठेवावेत. दर पुस्तकाला नवे बोधचिन्ह करण्याची हौस आवरणे हितावह असते.

संकेतस्थळावरील मजकूर युनिकोडमध्ये असावा. जुन्या संगणकीय टंकांत जुळविलेला मजकूर तसाच उतरविला, तर रोमन अक्षरांची निरर्थक गर्दी दिसते व शोध घेणाऱ्याला पुस्तक सापडत नाही. पानाच्या संकेतात भाषा मराठी असल्याची नोंद केल्यास, टंकात सोय असेल तेथे ‘ल’ व ‘श’ ही अक्षरे हिंदी वळणाऐवजी मराठी वळणात उमटतात. मराठीची वर्णमाला व अक्षररूपे महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने प्रमाणित केली होती. मुखपृष्ठावरील नाव हे संगणकाच्या दृष्टीने केवळ चित्र असते. म्हणून ते चित्रासोबत मजकुराच्या रूपातही नोंदवावे, म्हणजे अंध वाचकाचे यंत्र ते वाचून दाखवू शकते. एखादे नाव ‘उदगीर’ व ‘उद्‌गीर’ असे दोन्ही रीतींनी लिहिले जात असल्यास परिचयात दोन्ही रूपे द्यावीत.