क्षेत्रीय भाषाभ्यास आणि लघु लिनक्स-प्रणालीवरील कॅमेरा

जव्हार आणि मोखाडा या तालुक्यांत वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी इत्यादी समाजांची वस्ती आहे. यांपैकी वारली बोलीची नोंद ग्रियर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाच्या १९०५ साली प्रसिद्ध झालेल्या सातव्या खंडात आढळते. परंतु वक्ता ‘तो’, ‘तिकडे’ असे म्हणताना कोणीकडे निर्देश करतो, त्याचे ओठ केव्हा मिटतात, हे लिखित नोंदीवरून कळत नाही. केवळ ध्वनिमुद्रणावरूनही पुरते कळत नाही. त्यासाठी चित्रमुद्रण हवे. विजेचा भरवसा नसलेल्या पाड्यावर बॅटरीवर चालणारा छोटा संगणक व त्यावर आवश्यक तेवढीच लिनक्स-प्रणाली ही योजना सोयीची ठरते. बिल्डरूटसारख्या साधनाने अशी प्रणाली घडविता येते. मात्र तीत कॅमेरा आपोआप चालू होत नाही. याचे कारण असे की, जे मागितले नाही ते अशा प्रणालीत नसतेच.

कॅमेऱ्याचे येथे दोन प्रकार मानावेत. यूएसबी कॅमेरा जोडताच स्वतःची ओळख सांगतो. कर्नेलमध्ये यूएसबी, माध्यम-विभाग आणि ‘यूव्हीसी’ हा चालक समाविष्ट असला म्हणजे बहुधा पुरते. चपट्या पट्टीने जोडला जाणारा कॅमेरा मात्र मुका असतो. तो कोणत्या वाहिनीवर, कोणत्या पत्त्यावर आहे हे ‘डिव्हाइस ट्री’ या वर्णनात आधीच लिहून ठेवावे लागते. शिवाय संवेदक आणि त्याची माहिती स्वीकारणारा भाग, या दोहोंचे चालक स्वतंत्रपणे लागतात.

दोष शोधताना क्रम सोडू नये. प्रथम संवेदक आपल्या पत्त्यावर उत्तर देतो काय, हे पाहावे. देत नसल्यास पट्टी व वीजपुरवठा तपासावा. उत्तर मिळूनही ‘व्हिडिओ’ नावाची उपकरण-फाईल निर्माण होत नसेल, तर चालक किंवा वर्णन यांत उणीव असते. फाईल असूनही चित्र हिरवट वा विस्कळीत दिसत असेल, तर संवेदकाची कच्ची माहिती योग्य संस्कारावाचून वाचली जात आहे, असा संभव असतो.

चित्र दिसू लागले म्हणजे काम संपले असे नव्हे. १२८० × ७२० बिंदूंचे असंकोचित चित्र, दर बिंदूस दोन बाइट व सेकंदास ३० चौकटी या हिशेबाने, सेकंदास सुमारे ५५ मेगाबाइट होते. यूएसबी २.० वरील नियतकालिक प्रवाहाची मर्यादा सुमारे २४ मेगाबाइट आहे. त्यामुळे असा कॅमेरा १० चौकटींवर उतरतो. ओष्ठ्य स्पर्शातील ओठांचे मिटणे सुमारे एक दशांश सेकंदाचे असते. म्हणजे त्याच्या वाट्यास जेमतेम एक चौकट येते. म्हणून संकोचित स्वरूप निवडून ३० चौकटी राखाव्यात, अथवा चित्राचा आकार कमी करावा.

शेवटची गोष्ट कालनिर्देशाची. अनेक छोट्या संगणकांना बॅटरीवर चालणारे घड्याळ नसते. जाळ्याशी संबंध नसता लघु प्रणाली बहुधा १ जानेवारी १९७० पासून काळ मोजू लागते आणि प्रत्येक ध्वनिचित्रफितीवर तीच खोटी तारीख पडते. ज्या वृद्ध वक्त्याकडून पुन्हा नोंद मिळण्याची शाश्वती नाही, त्याच्या बाबतीत ही हानी भरून येणारी नव्हे. घड्याळाचा लहानसा जोडभाग घालून, स्थळ व दिनांक वक्त्याच्या संमतीसह ध्वनिचित्रमुद्रणाच्या आरंभी तोंडी उच्चारणे, हा नियम क्षेत्रकार्य करणाऱ्या अभ्यासकांनी कटाक्षाने पाळावा.