तौक्तेनंतर आलेला धंदा

२०२१ ची ईद-उल-फित्र १४ मे रोजी, शुक्रवारी झाली. निर्बंधांचे दिवस होते. नमाज घरातच झाली आणि शिरखुर्म्याचा डबा शेजाऱ्याच्या उंबऱ्यावर ठेवून लोक मागे फिरले. दोनच दिवसांनी, १६ तारखेला, तौक्ते चक्रीवादळ आमच्या सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला घासून उत्तरेकडे गेले. ते जमिनीवर आले १७ च्या रात्री, गुजरातेत. पण मालवण, देवगड, वेंगुर्ल्यात माड घरांवर पडायला तेवढे घासणेही पुरले. आंब्याची कलमे मुळासकट उलटली, विजेचे खांब आडवे झाले, कित्येक वाड्यांत दिवे यायला अनेक दिवस लागले.

त्या दिवसांत ज्याच्याकडे चेन सॉ होती त्याला गावात मंत्र्यापेक्षा जास्त मान होता. रस्ता मोकळा करायचा, छपरावरचा माड उतरवायचा, गोठ्यावरची फांदी काढायची, सगळे त्याच्याच दारात. त्यानंतर किनाऱ्यावरच्या बऱ्याच घरांत हे मशीन आले. कुणी आखातातल्या भावाच्या पैशाने घेतले, कुणी मासेमारी बंद असताना जोडधंदा म्हणून. पडवीत ग्रास कटरच्या शेजारी आता चेन सॉ टांगलेली दिसते. यातून रोजी कमावणारी आपली मुलेही वाढली आहेत, आणि त्याचा आम्हाला आनंद आहे. एक खंत मात्र आहे. मशीन घेतलेल्यांत लाकूड तोडणारे पुष्कळ, झाड सांभाळणारे थोडे. तोडलेले झाड एकदाच पैसे देते. सांभाळलेल्या झाडाचा मालक दर वर्षी बोलावतो.

आपल्याकडचा पाडेली हे जाणून असतो. माडाला एकच कोंब असतो, शेंड्याला. तो गेला की माड गेला. निरोगी माडाला साधारण महिन्याला एक नवे झाप येते आणि प्रत्येक झापाच्या बेचक्यात एक पोय असते. म्हणजे ‘जरा साफ करून टाक’ म्हणत हिरवी झापे उतरवून घेणारा मालक स्वतःचेच नारळ कमी करत असतो. वाळलेली झापे, जुन्या पोया आणि घरावर कलंडलेले घड काढावे, बाकीच्याला हात लावू नये. माडाच्या खोडाची जखम आंब्यासारखी सालीने भरून येत नाही; चढण्यासाठी घातलेली खाच जन्मभर तशीच राहते. ताज्या जखमेच्या वासावर सोंड्या भुंगा येतो, आणि वरून पिवळेपणा दिसेपर्यंत खोड आतून पोखरलेले असते. म्हणून खाचा घालण्यापेक्षा शिडी किंवा चढण्याचे यंत्र बरे. नारळ विकास मंडळाने २०११ पासून केरळात ‘नारळाच्या झाडाचे मित्र’ नावाने यंत्रावर चढण्याचे प्रशिक्षण सुरू केले; ते घेऊन तिथे बायकाही माडावर चढू लागल्या. आपल्याकडे अजून ‘बाईमाणूस आणि माडावर?’ असे विचारणारे आहेत. विचारू देत.

आंबा, फणस, चिंच यांची गोष्ट वेगळी. जड फांदी वरून एकाच दमात कापली तर ती अर्ध्यावर मोडते आणि खोडाची साल खालपर्यंत सोलत नेते. जाणता माणूस तीन काप घेतो. पहिला खोडापासून हातभर लांब, फांदीच्या खालून, थोडासाच. दुसरा त्याच्या जरा पुढे, वरून. फांदी पडते, साल वाचते. तिसऱ्या कापाने उरलेला खुंट काढायचा. खोडाला फांदी मिळते तिथे सालीची सुजल्यासारखी गाठ असते. तिसरा काप तिच्या बाहेरून घ्यायचा, कारण जखम बंद करणारी साल तिथूनच सरकत येते.

अमेरिकन वनशास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शिगो यांनी १९५९ पासून हजारो झाडे उभी चिरून आत पाहिले, आणि हे चिरणे त्यांना जमले चेन सॉमुळेच. त्यांना दिसले की झाडाची जखम आपल्या कातडीसारखी बरी होत नाही. झाड कुजका भाग आतल्या आत भिंती घालून कोंडून ठेवते आणि बाहेरून नवे लाकूड वाढवते. खोडाला अगदी घासून कापले तर या भिंतीच मोडतात. आपल्याकडे आंब्याच्या मोठ्या कापावर एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी अशी बोर्डो पेस्ट लावतात. बुरशीसाठी ती लावावीच, पण चुकीच्या जागी घेतलेला काप पेस्टने सुधारत नाही. मोठी छाटणी झालेल्या कलमावर भिरूड लागते. त्यामुळे पुढचे काही महिने खोडावर भुसा दिसतो का, हे पाहायला परत जाणे हाही कामाचाच भाग धरावा.

वादळात पडलेले झाड सगळ्यात फसवे. ते मेलेले दिसते, पण वाकलेल्या लाकडात ताण भरलेला असतो. दाबलेल्या बाजूने आधी थोडे कापून, मग ताणलेल्या बाजूने सावकाश कापत जावे लागते. उलट केले तर लाकूड फाटून अंगावर येते. मुळासकट उलटलेल्या झाडाचे खोड कापले की मुळांचा गड्डा कधी कधी धाडकन परत खड्ड्यात बसतो. त्या खड्ड्यात खेळणारी पोरे आधी बाहेर काढा. तार झाडात अडकली असेल तर महावितरणच्या माणसाने वीज बंद केल्याचे स्वतः सांगेपर्यंत कुणीही पुढे जाऊ नये. ‘दिवे गेलेत म्हणजे तार मेली’ हा हिशेब जिवावर बेतणारा आहे.

आता मशीनकडे येऊ. किनाऱ्यावरची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस हे लोखंडाचे दोन शत्रू, तिसरा आपला आळस. कामावरून आल्यावर चेन सॉ तशीच भिंतीला लागते आणि दुसऱ्या दिवशी स्टार्टरची दोरी ओढून खांदा दुखतो. रोजचे काम वीस मिनिटांचे आहे. बाजूचे झाकण काढून भुसा झाडायचा, एअर फिल्टर झटकायचा, पट्टीची खोबण साफ करायची आणि पट्टी उलटी बसवायची, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात. चेनला ताण इतकाच असावा की ती पट्टीला चिकटून राहील, पण हातमोजा घालून हाताने ओढली तर फिरेल.

धार गेल्याचे मशीन स्वतः सांगते. धारेची चेन लाकडाचे छोटे कपचे उडवते, बोथट चेन पिठासारखा भुसा पाडते. मग माणूस जोर लावतो, पट्टी तापते, पेट्रोल जास्त जाते. गोल कानस चेनच्या मापाचीच हवी. लहान मशीनच्या चेनला बहुधा चार मिलिमीटरची लागते. कानस आतून बाहेर एकाच दिशेने चालवायची आणि प्रत्येक दाताला सारखेच घास द्यायचे, नाहीतर काप एका बाजूला वळत जातो. माडाच्या झावळ्यांना मात्र हे मशीन नको; तंतू गुंतून बसतात. तिथे आपला कोयता आणि हातकरवतच बरी.

टू-टी ऑइलचे प्रमाण मशीनच्या पुस्तकात पाहावे. पन्नासास एक असेल तर लिटरभर पेट्रोलला वीस मिली. अंदाजाने ओतणाऱ्याचे पिस्टन एकतर जाम होते किंवा धूर ओकते. चेनच्या टाकीत गाडीचे जळके ऑइल घालण्याची चाल आपल्याकडे आहे. फुकट मिळते म्हणून ते वापरतात, आणि त्यातला लोखंडाचा कीस पट्टी व पंप दोन्ही खातो. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते आणि इथेनॉल हवेतले पाणी ओढते. आमच्या दमट हवेत मिसळलेले पेट्रोल महिन्यावर ठेवू नये. पावसाळ्यात मशीन ठेवून द्यायचे असेल तर टाकी रिकामी करावी आणि ते आपोआप बंद पडेपर्यंत चालवून कार्बोरेटर कोरडा करावा. मेकॅनिककडे जाणारी निम्मी मशीन एवढ्याने वाचतील, असा आमचा अंदाज आहे.

दोराला आपण हत्यार समजतच नाही. माणसाचा दोर वेगळा आणि लाकडाचा वेगळा, दोघांचे रंग वेगळे ठेवा. माणसाच्या दोराने होडी ओढू नये. चेनचा नुसता स्पर्श झालेला दोर किंवा एकदा माणसाचा झोक झेललेला पट्टा पुन्हा वर नेऊ नये, दिसायला कितीही चांगला असो. शिडीवर उभे राहून किंवा एका हाताने चेन सॉ चालवू नये. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की मशीन उसळून तोंडाकडे येते. म्हणून रोज सुरू करण्याआधी चेनचा ब्रेक तपासावा.

ज्या घरात एकाचे पैसे आणि दुसऱ्याची मेहनत आहे, तिथे दोन शब्द लिहून ठेवावेत. भावाने पैसे दिले ते कर्ज आहे की भागीदारी? मुदारबतची भागीदारी असेल तर नफा ठरल्याप्रमाणे वाटला जातो. तोटा झाला तर पैसेवाल्याचे पैसे जातात आणि राबणाऱ्याची मेहनत जाते. हे आधी बोलले नाही की वादळापेक्षा मोठे वादळ घरात येते. कामाच्या हत्यारांवर जकात नाही. विकण्यासाठी रचून ठेवलेले लाकूड आणि शिल्लक रोकड हिशेबात धरावी. कामाचा दर सांगताना फक्त दिवसाची मजुरी सांगू नका. चेन, दोर, पेट्रोल, लाकूड वाहून नेण्याचा टेम्पो आणि अपघात विम्याचा हप्ता त्यात आला पाहिजे. चढणारा पडला तर चूल कुणाची विझते, हे त्याच्या बायकोला विचारा. विम्याचा कागद तिच्या ताब्यात असावा.

शेवटी परवानगीचे. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) कायद्याच्या यादीत आंबा, फणस, चिंच, जांभूळ, साग, खैर आणि खाडीकाठची तिवरे आहेत, माड नाही. स्वतःच्या परसातला फणस असला तरी तोडण्याआधी अर्ज करावा लागतो. मालवण, वेंगुर्ला, सावंतवाडीच्या नगरपरिषद हद्दीत १९७५ चा झाडे जतनाचा कायदा लागू आहे, आणि झाडाला इजा करणेही त्यात ‘तोडणे’ मानले जाते. मोठ्या छाटणीआधीही म्हणून विचारून घ्यावे. मालकाने ‘मी बघतो’ म्हटले तरी कागद हातात आल्याशिवाय मशीन सुरू करू नका.

कब्रस्तानातल्या जुन्या झाडांनाही हेच लागू. जनाजा आला असताना वरची वाळकी फांदी मोडण्याची वाट पाहू नये. जमातीच्या जबाबदार मंडळींनी एप्रिलमध्येच एखाद्या जाणत्या माणसाला घेऊन फेरी मारावी, कुठली फांदी वाळली, कुठल्या बुंध्यात पोकळी आहे ते लिहून घ्यावे आणि अर्ज तेव्हाच द्यावा. मृगाच्या आधीच्या पंधरवड्यात सगळ्यांनाच माणूस हवा असतो, आणि तेव्हा तो मिळत नाही.