नकाशावरचा लाल रंग : कधी अतिवृष्टी, तर कधी पावसाची तूट

रत्नागिरी : पावसाळा सुरू झाला की गावागावांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज एखादा तरी रंगीत नकाशा येऊन पडतो. तो कधीचा, कोणाचा हे बघायच्या आधीच पुढच्या ग्रुपवर जातो. 'जिल्हा लाल झालाय' एवढं वाचून कोणी घाबरतं, तर कोणी 'दरवर्षीचंच आहे' म्हणून मोबाईल खिशात टाकतं. पण लाल रंग सगळ्या नकाशांवर एकच गोष्ट सांगत नाही. हवामान खात्याच्याच दोन नकाशांवर त्याचे अर्थ एकमेकांच्या उलट आहेत. त्यामुळे नकाशा वाचायचा कसा, हे एकदा नीट समजून घेतलेलं बरं.

पहिला नकाशा : इशाऱ्याचा

हा नकाशा पुढच्या काही दिवसांचा असतो. त्यात चार रंग. हिरवा म्हणजे विशेष काही नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे आता हालचाल करा. रंग ठरवताना पाऊस किती पडेल एवढंच नाही, तर त्याने नुकसान किती होऊ शकतं आणि तसं होण्याची शक्यता किती, हेही धरलेलं असतं.

सोबत 'मुसळधार', 'अति मुसळधार' असे शब्द येतात. त्यांचीही मापं ठरलेली आहेत. २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे मुसळधार. ११५.६ ते २०४.४ म्हणजे अति मुसळधार. त्याच्या वर गेला की अत्यंत मुसळधार. हे २४ तास सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असे मोजतात. म्हणून काल दुपारी पडलेला पाऊस आजच्या तारखेच्या आकड्यात दिसतो.

मिलिमीटर हा शब्द ऐकायला बारीक वाटतो. पण एक चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. गुंठा साधारण १०१ चौरस मीटरचा. म्हणजे २०० मिलिमीटर पावसात एका गुंठ्यावर २० हजार लिटर पाणी पडतं. दहा गुंठ्यांच्या भातखाचरावर दोन लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे वीस टँकर. हे पाणी सगळ्या खाचरांतून एकदम पऱ्याला उतरलं तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको.

दुसरा नकाशा : सरासरीचा

हा नकाशा झालेल्या पावसाचा असतो. नेहमी पडतो त्यापेक्षा किती जास्त किंवा किती कमी पडला, ते तो दाखवतो. इथे हिरवा म्हणजे सरासरीच्या जवळपास, १९ टक्के कमी ते १९ टक्के जास्त. निळ्या छटा म्हणजे जास्त पाऊस. लाल म्हणजे २० ते ५९ टक्के तूट. आणि पिवळा म्हणजे ६० टक्के किंवा त्याहून जास्त तूट.

म्हणजे या नकाशावर लाल रंग पूर सांगत नाही, पाऊस कमी झाल्याचं सांगतो. आणि पिवळा लालपेक्षाही वाईट. इशाऱ्याच्या नकाशाची सवय असलेला माणूस हा नकाशा बघून हमखास फसतो. दोन्ही नकाशांच्या कोपऱ्यात रंगांचा अर्थ सांगणारी छोटी चौकट असते. मोबाईलवर बोटांनी मोठं करून आधी ती चौकट वाचायची, मग जिल्हा शोधायचा.

एका रंगाआड काय लपतं

आपल्या जिल्ह्यात मंडणगडपासून राजापूरपर्यंत ९ तालुके. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला सह्याद्री. पण नकाशावर सगळ्या जिल्ह्याला बऱ्याचदा एकच रंग. घाटमाथ्यावर कोसळलेला पाऊस जगबुडीतून खेडला आणि वाशिष्ठीतून चिपळूणला येतो. त्यात खाली दाभोळच्या खाडीला भरती असेल तर पाणी उतरायला वेळ लागतो. आपल्या वाडीत ऊन पडलंय म्हणून खेड-चिपळूणच्या बाजारात पाणी नसेलच, असं धरून चालत नाही. म्हणून जिल्ह्याच्या रंगावर न थांबता प्रशासनाच्या रोजच्या अहवालातला तालुक्याचा पाऊस आणि नदीची पातळी बघावी. त्यात इशारा पातळी आणि धोका पातळी शेजारी दिलेली असते.

सरासरीच्या हिरव्या रंगाचंही तसंच. समजा एका महिन्यात ९०० मिलिमीटर पाऊस अपेक्षित होता आणि ९०० पडला. नकाशा हिरवा. पण त्यातला ७०० तीन दिवसांत पडला आणि बाकी दिवस कोरडे गेले, तर लावणी आधी वाहून जाते आणि उरलेली सुकते. हे नकाशावर दिसत नाही. रोजच्या पावसाचा आलेख काढला तर लगेच दिसतं. तीन उंच उभ्या पट्ट्या आणि बाकी सगळ्या बुटक्या.

नदीकाठच्या निळ्या-लाल रेषा

२६ जुलै २००५ आणि २२ जुलै २०२१ चे पूर पाहिलेल्या चिपळूणकरांना आणखी दोन रेषा ठाऊक आहेत. निळी पूररेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येईल अशा पुराची हद्द. लाल पूररेषा १०० वर्षांतून एकदा येईल अशा पुराची. नदी आणि निळी रेषा यांच्यामधली जागा निषिद्ध क्षेत्र धरतात. निळी आणि लाल यांच्यामधली नियंत्रित क्षेत्र. घर बांधायचं, जागा विकायची किंवा घ्यायची, तर या रेषा आडव्या येतात. म्हणून व्यवहाराआधी आपला गट नंबर किंवा सर्व्हे नंबर रेषेच्या कुठल्या बाजूला आहे, ते नकाशावर बघून घ्यावं.

'शंभर वर्षांतून एकदा' याचा अर्थ लोक चुकीचा घेतात. आता एकदा आला, म्हणजे नातवंडांच्या काळापर्यंत निवांत, असं ते नाही. दर वर्षी शंभरात एक एवढी शक्यता, असा त्याचा अर्थ. ३० वर्षं त्या जागेत राहिलं तर असा पूर एकदा तरी येण्याची शक्यता साधारण शंभरात २६. निळ्या रेषेच्या आत २५ वर्षं राहिलं तर शंभरात ६४. काल पूर येऊन गेला म्हणून पुढच्या वर्षीची शक्यता कमी होत नाही.

आपल्या गावाचा नकाशा

असे नकाशे काढायला मोठं कार्यालयच लागतं असं नाही. १८५४ साली लंडनच्या सोहो भागात कॉलरा पसरला होता. डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यू झालेली घरं नकाशावर खुणेने मांडली. खुणांची गर्दी ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका हातपंपाभोवती झालेली दिसली. मृतांची यादी होतीच, पण ही गर्दी नकाशावर एका नजरेत दिसते.

गावातही हे करता येतं. मागच्या पुरात पाणी कुठपर्यंत आलं होतं, त्याची खूण शाळेच्या भिंतीवर किंवा विजेच्या खांबावर रंगाने करावी आणि शेजारी तारीख लिहावी. ग्रामपंचायतीकडच्या गावनकाशाच्या प्रतीवर पाण्याखाली जाणारे साकव, दरडीखालची घरं, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची घरं आणि उंचावरची शाळा किंवा देऊळ अशा खुणा कराव्यात. रात्री रेड अलर्ट आला तर कोणाला आधी उठवायचं आणि कुठल्या वाटेने न्यायचं, हे त्या कागदावरून सरपंच, पोलीस पाटील आणि वाडीतल्या पोरांना लगेच कळेल.

तोपर्यंत ग्रुपवर आलेला नकाशा पुढे पाठवण्याआधी तीन गोष्टी बघाव्यात : तारीख कुठली आहे, कोणी काढलेला आहे आणि कोपऱ्यातली चौकट रंगांचा अर्थ काय सांगते. तारीख दिसत नसेल तर तो नकाशा पुढे पाठवू नये. पाणी वाढायला लागलं तर जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ लावावा.