गाडी चकाचक, पण कार्ब्युरेटरचं काय?

लाँग वीकएंड जवळ आला की पनवेलच्या ग्रुप्समध्ये एकच टॉपिक. गोवा की महाबळेश्वर? मग जॅकेटची खरेदी, हेल्मेटला कॅमेरा, हॉटेलचं बुकिंग. गाडी वॉशिंगला जाते, ऑइल बदललं जातं, चेनला ग्रीस लागतं. आणि निघायच्या आदल्या रात्री कोणीतरी म्हणतं, ‘अरे, सकाळी किक मारताना जरा त्रास देते ती... पण चालतंय रे!’

चालतं, पण स्टेशनपर्यंतच.

पनवेलच्या गाड्यांचं आयुष्य जरा वेगळंच आहे बॉस. ऑफिस बेलापूरला, ऐरोलीला नाहीतर मुंबईत. त्यामुळे सोमवार ते शुक्रवार गाडीचं काम म्हणजे फ्लॅट ते स्टेशन. दोन-तीन किलोमीटर, सेकंड-थर्ड गिअर, सिग्नल, खड्डे आणि मग दिवसभर पार्किंगमध्ये उन्हात. इंजिन धड गरमही होत नाही. आणि याच गाडीला आपण एका पहाटे पळस्पे फाट्यावरून वळवतो आणि पाचशे किलोमीटर पळ म्हणतो.

गोची कुठे होते ते समजायला कार्ब्युरेटर आत कसा चालतो हे थोडं बघावं लागेल. अ‍ॅक्सिलरेटर बंद असताना किंवा जेमतेम पाव पिळलेला असताना पेट्रोल येतं ते मुख्यतः पायलट जेटमधून. पाव ते पाऊण या टप्प्यात कारभार निडलचा. आणि पूर्ण पिळला की मेन जेटचा. म्हणजे स्टेशनच्या फेऱ्यांमध्ये तुमचा मेन जेट कधी कामालाच लागत नाही. तो चोक झालाय का, हे तुम्हाला कळणार थेट हायवेवर, ट्रकला ओव्हरटेक करताना. समोरून एसटी येतेय, तुम्ही पूर्ण पिळलाय आणि गाडी उचलतच नाही! त्या दोन सेकंदांसाठी हा सगळा लेखनप्रपंच.

दुसरी बाजू पायलट जेटची. त्याचं भोक बारीक, सुईएवढं. गाडी दोन आठवडे उभी राहिली की फ्लोटच्या वाटीतलं पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट थर उरतो. तो पहिल्यांदा याच भोकात बसतो. मग सकाळी चोक ओढल्याशिवाय स्टार्ट होत नाही, सिग्नलला बंद पडते. गॅरेजवाल्याकडे नेलं की तो स्क्रू पिळून स्लो वाढवून देतो आणि आपण खूश. कचरा मात्र जिथल्या तिथे.

आता कोणी म्हणेल, कार्ब्युरेटर राहिलाय कुठे? बरोबर आहे. आपल्याकडे २००६ मध्ये ग्लॅमर एफआय आली, २००७ मध्ये पल्सर २२० डीटीएस-एफआय आली. गंमत म्हणजे त्याच पल्सर २२० ला बजाजने २००९ मध्ये परत कार्ब्युरेटर लावला. शेवटी एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ आलं आणि नव्या बाइक्समधून तो जवळपास हद्दपार झाला. पण जुनी युनिकॉर्न, पल्सर, स्प्लेंडर, बाबांची बुलेट आजही बिल्डिंगखाली उभी आहेच की. आणि खरं सांगायचं तर ट्रिपला मजा त्याच गाडीवर येते.

ई२० चा फंडा

या जुन्या गाड्यांच्या डोक्याला नवा ताप म्हणजे पेट्रोलमधलं इथेनॉल. २०२५ पर्यंत आपल्या पेट्रोलमध्ये साधारण वीस टक्के इथेनॉल आलं. इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याला जळायला हवा कमी लागते. इंजेक्शनवाल्या बऱ्याच गाड्यांमध्ये सेन्सर असतो, तो ओळखतो आणि पेट्रोल थोडं वाढवतो. कार्ब्युरेटरच्या जेटचं भोक आहे तेवढंच राहणार. म्हणजे मिश्रण थोडं लीन होतं, पेट्रोल कमी, हवा जास्त. गाडी आधीच लीनवर सेट असेल तर सकाळी कुरकुरते, मधूनच झटके देते, अ‍ॅक्सिलरेटर सोडला की सायलेन्सरमधून फटफट आवाज येतो.

दुसरं म्हणजे इथेनॉल पाणी ओढून घेतं. पनवेलचा पाऊस, दमट हवा आणि अर्धी रिकामी टाकी, झालं! पाणी तळाशी बसतं आणि तिथून थेट कार्ब्युरेटरच्या वाटीत. तिसरं, रबर. ई२० ला चालेल असं मटेरियल नव्या गाड्यांमध्ये आलं ते २०२३ पासून. त्याआधीच्या गाडीतले ओ-रिंग, पेट्रोलचा पाइप, निडल व्हॉल्व्हचं टोक एकदा बघून घ्या. फुगलेलं किंवा कडक झालेलं दिसलं तर बदला. स्वस्तातलं काम आहे.

आधी ट्रायल, मग पाना

माझं स्पष्ट मत आहे, ट्रिपच्या आदल्या रात्री कार्ब्युरेटर उघडू नये आणि कोणाला उघडूही देऊ नये. आठवडाभर आधीचा रविवार पकडा. पहाटे जुन्या मुंबई-पुणे हायवेने चौक, खालापूर, खोपोली करत लोणावळ्यापर्यंत जा. (एक्स्प्रेसवेवर टू-व्हीलरला बंदी आहे, उगाच हिरोगिरी नको.) खोपोली ते लोणावळा सुमारे साडेपाचशे मीटरचा चढ आहे, गाडीची खरी परीक्षा तिथे होते. रिकाम्या सरळ पट्ट्यावर आधी पाव, मग अर्धा, मग पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर देऊन बघा. पावलाच अडखळली तर पायलट जेट. मधल्या टप्प्यात झटके आले तर निडल. पूर्ण पिळल्यावर दम लागला तर मेन जेटवर किंवा पेट्रोल कमी येण्यावर संशय. गॅरेजमध्ये एवढं सांगितलंत की मेकॅनिकचा अर्धा वेळ वाचतो. ‘पिकअप नाही’ एवढंच सांगाल तर तो अंदाजाने पाना फिरवणार.

पूर्ण वेगात पळवून बाजूला थांबा, इंजिन बंद करा, थंड झाल्यावर प्लग काढून बघा. टोक बिस्किटासारखं तपकिरी असेल तर टेन्शन नाही. काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त जातंय, पांढरंफटक असेल तर कमी. आणखी एक सोपी युक्ती. पीयूसी करताना सर्टिफिकेट घडी घालून खिशात टाकू नका, त्यावरचा कार्बन मोनॉक्साइडचा आकडा मागच्या वेळच्या सर्टिफिकेटशी ताडून बघा. एकदम वाढला असेल तर स्लोवर गाडी जास्त पेट्रोल पितेय.

आणि एक लक्षात घ्या, दोष दरवेळी कार्ब्युरेटरचा नसतो. इकडे इतकी वर्षं टॉवरची कामं चाललीत की एअर फिल्टर धुळीने गच्च होतो. तो बदलल्यावरच बऱ्याच गाड्या सरळ होतात. कार्ब्युरेटर आणि इंजिनमधल्या रबरी नळीला चीर गेली की बाहेरची हवा आत शिरते. मग कितीही ट्युनिंग करा, स्लो टिकत नाही. गाडी वीस-पंचवीस किलोमीटर मस्त पळून अचानक मरत असेल आणि टाकीचं झाकण उघडताच ‘फुस्स’ आवाज येऊन पुन्हा चालू होत असेल, तर झाकणातलं हवेचं भोक बुजलंय. नवी टँक बॅग झाकणावर घट्ट बांधली तरी हेच होऊ शकतं!

हे सगळं ठीक असेल तरच कार्ब्युरेटर उघडायचा. मेकॅनिकजवळ उभे राहा, लाज बाळगू नका. जेटच्या भोकात तार किंवा टाचणी घालायला लागला तर तिथेच थांबवा. पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की अ‍ॅव्हरेज गेलं. क्लीनर स्प्रे आणि हवेचं प्रेशर पुरतं. मिक्स्चर स्क्रूला हात लावण्याआधी तो किती फेरे उघडलाय ते मोजून लिहून ठेवायला सांगा. हा स्क्रू इंजिनच्या बाजूला असेल तर उघडल्यावर पेट्रोल वाढतं, एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर हवा वाढते. दोन्ही उलटे. इथेच भले भले चुकतात.

महाबळेश्वरवाल्यांसाठी थोडंसं. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढलात की तेराशे मीटरच्या वर पोचता. तिथली हवा समुद्रकाठापेक्षा साधारण आठव्या हिश्श्याने विरळ. गाडी थोडी जड वाटेल, स्लो बदलेल. जेट बदलायची काही गरज नाही, खाली उतरलात की सगळं पूर्ववत. लेहला जाणाऱ्यांची गोष्ट वेगळी, तिथे साडेतीन हजार मीटरवर हवा जवळजवळ तीस टक्के विरळ असते. त्यांनी मेन जेटचा विचार घरूनच करून निघावं.

आता एकच गोष्ट जिथे ‘चालतंय रे’ अजिबात नको. उभ्या गाडीतून पेट्रोल टपकणं. वाटीतला निडल व्हॉल्व्ह नीट बसत नसला की ओव्हरफ्लो होतो आणि खाली सायलेन्सर तापलेला असतो. रस्त्यात असं झालं तर आधी इंजिन आणि पेट्रोल कॉक बंद करा, सिगरेटवाल्या मित्राला लांब पाठवा. गाडी थंड झाली की स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने वाटीवर हलकेच टकटक करा, अडकलेला कचरा कधी कधी सुटतो. वाटीखालचा ड्रेन स्क्रू सोडून थोडं पेट्रोल बाटलीत काढा. तळाशी वेगळा थर दिसला तर ते पाणी. मग स्वच्छ पेट्रोल येईपर्यंत काढत राहा. आणि इंजिन ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल तर गाडी स्टार्ट करू नका. टेम्पो बोलवा आणि जवळच्या गॅरेजला न्या. गोव्याचं बुकिंग एक दिवस पुढे ढकलता येतं.